पोट नसलेल्या बहिणीकडून खवय्या दादाला

दादा,

पत्राच्या सुरुवातीला ‘प्रिय’ लिहितात. मी लिहिणार नाही. काल तुझ्या पुण्यानुमोदनाच्या शोकसभेला माणसं एकामागून एक उठून तुझं इतकं गुणगान करत होती, की माझ्याकडे काही शिल्लकच राहिलं नाही.

काय बोलले, ऐकायचंय? एकजण म्हणाला, “किसनभाऊसारका खानारा माणूस अख्ख्या मानोरा तालुक्यात नाही! रोडगे अन् वांग्याची भाजी असली तं त्याले उठवा लागे पंगतीतून!” सगळे माना डोलवत होते. माणूस गेला आणि मागे काय राहिलं, तर त्यानं किती खाल्लं! शेवटी सगळ्यांचं एकमत झालं, की किसनभाऊ उष्णतेनं गेले. उष्णता! रक्ताच्या उलट्या होऊन तू गेलास, आणि गाव म्हणतं उष्णता.

तिथून उठून मी स्वयंपाकघरात गेले. तुझी लेक सुमन खायचा सोडा चिमटीनं तोंडात टाकत होती, तुझ्यासारखीच, भिंतीकडे तोंड करून. विचारलं तेव्हा सांगितलं तिनं. रात्री पोटात आग होते, जुलाब थांबत नाहीत, झोप नाही. म्हणून हे पत्र लिहायला बसले.

माझंही असंच सुरू झालं होतं. अकोल्याला अर्धं पोट कापलं, तरी अल्सर परत उगवले. सासरी किन्हीराजाला शेजारणी म्हणायच्या, ही चोरून मिरच्या खात असेल. शेवटी नागपूरच्या डॉक्टरांनी परत पोट उघडलं, तेव्हा स्वादुपिंडात गाठी सापडल्या. हरभऱ्याएवढ्या! त्या गाठी पोटाला सारखं आम्ल सोडायला लावतात, ते म्हणाले. असला आजार फार थोड्या लोकांना होतो. गाठी बारीक नि जागोजागी, सगळ्या निघत नाहीत. म्हणून आम्ल जिथं तयार होतं ते उरलेलं पोटच काढलं, आणि अन्ननळी सरळ आतड्याला जोडली.

तू मला बघायला आलास. काय बोललास आठवतं? “पोटच काहाडलं तं आता तू जेवन कायच्यात टाकशीन वं?” अख्खा वॉर्ड हसला. नाकात नळी होती माझ्या, नाहीतर तेव्हाच तुला उत्तर मिळालं असतं.

तिथंच डॉक्टरांनी तुला विचारलं होतं. हा आजार काही घरांत रक्तातून चालतो, तुमच्यात आणखी कोणाला पोटाची आग, जुलाब, मुतखडे आहेत का? त्याच उन्हाळ्यात तू मुतखड्यानं अंगणात लोळला होतास. सोड्याची पुडी तुझ्या खिशात होती. आणि तू छाती काढून म्हणालास, “नाही साहेब, आमच्या घरान्यात समदे ठनठनीत हायेत.” वा रे ठणठणीत!

मी घरी आले ती दिवसभर थोडं थोडं खायच्या अटीवर. पोटभर जेवले तर घाम फुटायचा, भोवळ यायची. पोट नाही म्हणून रक्त कमी होऊ नये यासाठी महिन्याला एक इंजेक्शन. सासरी सून सगळ्यांच्या शेवटी जेवते, आणि मी सगळ्यांच्या आधी जेवायची, सासऱ्यांसमोर! सासूबाईंनी महिनाभर आकाशपाताळ एक केलं. मग स्वतःच दुरडीत माझ्यासाठी भाकर झाकून ठेवायला लागल्या. त्या अडाणी बाईला जे कळलं, ते तुला कळलं नाही.

माहेरी आले की तू सगळ्यांसमोर म्हणायचास, “काहून चरून राह्यली वं दिवसभर, बकरीवानी?” बकरी जगली दादा. बैल गेला.

आणि चौदा एप्रिलला जयंतीच्या मंडपात कोण गर्जायचं, ‘अंधश्रद्धा सोडा, विज्ञान धरा’? टाळ्या घेतल्यास, खाली उतरलास, आणि मंडपामागे जाऊन सोडा खाल्लास. किती वेळा म्हटलं, चल नागपूरला. “कापून घ्याले मी काय काकडी आहो?” हे तुझं विज्ञान! तुला सुरीची भीती नव्हती रे. वाटीभर खाऊन पंगतीतून आधी उठावं लागेल, बायकांत माझ्याशेजारी बसून घास मोजावे लागतील, याची भीती होती. एवढ्यासाठी मेलास? थू असल्या मर्दुमकीवर!

लहानपणी पोहरादेवीच्या जत्रेत मला खांद्यावर घेऊन फिरायचास. तुझ्याएवढा शहाणा माणूस जगात नाही असं वाटायचं मला. म्हणूनच एवढा संताप होतो. तुझ्यावर माया होती, अजून आहे, आणि तिचं काय करू ते कळत नाही.

काल वहिनीला सांगितलं, पोरीला दाखवू या. तिनं माझ्या तोंडावर हातच ठेवला. “हळू बोला बाई! पोरीचं जमलं हाय. सोयऱ्याइले कळलं तं मोडते.” म्हणजे पोरगी मोडली तरी चालेल, सोयरीक मोडायला नको! तुझी बायको शोभते खरी.

सुमन मात्र माझ्या मागे मागे अंगणात आली. हळूच विचारलं तिनं, “आत्या, पोट काहाडल्यावर भूक लागते काय वं?”

“लागते,” म्हटलं. “दिवसभर लागते. पण तू अशी घाबरून नको जाऊ. डॉक्टर म्हनत होते, आम्ल कमी करनारी नवी गोळी निंगाली हाये परदेशात. भेटली तं तुह्यावर सुरी येनारच नाही.” मिळेल का, माहीत नाही. विचारल्याशिवाय कसं कळणार? तू तर विचारूच दिलं नाहीस.

तर ऐक. उद्या पहाटेच्या एसटीनं मी सुमनला घेऊन नागपूरला जाते आहे. वहिनी दारात आडवी पडली तर ओलांडून जाईन. परत आल्यावर मुलाकडच्यांच्या घरी मी स्वतः जाणार, आणि तोंडावर सांगणार, या पोरीला असा आजार आहे, पोट काढावं लागलं तर हिला सगळ्यांच्या आधी वाढावं लागेल, जमत असेल तर हो म्हणा. ते विचारतील, हे दुखणं पोरीत कुठून आलं? तेव्हा मी मान खाली घालणार नाही. सांगीन, हिच्या बापाकडून. त्यालाही हेच होतं, त्यानं लाजेपायी लपवलं, आणि त्यातच गेला.

तुझी धाकटी बहीण,
कमल