असोद्याच्या दोन खोल्यांतला माझा अर्धा हिस्सा

मी, स्वप्नील उखर्डू सपकाळे, वय सत्तावीस, आठवी नापास, राहणार असोदा. काम आसामात, विजेचे टॉवर उभे करण्याचं. डोकं ठिकाणावर आहे, प्यालेलो नाही, कोणी धमकावलेलं नाही. परवा परतीची गाडी आहे. गेल्या महिन्यात माझ्या जोडीचा गडी टॉवरवरून पडला, म्हणून हे आत्ताच लिहितो.

१. असोद्याच्या घरातला माझा अर्धा हिस्सा माझ्यामागे भागाबाईचा.

खरं तर वडिलांनी, म्हणजे आबांनी, पूर्ण घर तिलाच दिलं होतं. माझी जन्मदाती गेल्यावर आबांनी धुळ्याकडच्या भागाबाईशी पाट लावला. मी चार वर्षांचा होतो, रुपचंदभाऊ बारा. पुढे आबांनी मृत्युपत्र केलं, तेव्हा साक्षीला मानाची माणसं हवीत म्हणून गावातले तीन सगळ्यात म्हातारे बोलावले. पाटही त्याच तिघांसमोर लागला होता. तिघांनी अंगठे दिले. आबा गेले तोवर तिघेही गेले होते.

रुपचंदभाऊने जळगावच्या दिवाणी कोर्टात वारस दाखल्याचा अर्ज टाकला. भागाबाईने हरकत घेऊन आबांचा कागद पुढे केला. एक तरी साक्षीदार आणा, असं कोर्ट म्हणालं. ती म्हणाली, "साहेब, बठ्ठा मरी ग्यात. आते मी कोनले आनू?" मेलेल्याची सही ओळखणारा माणूस चालतो, पण अंगठा कोण ओळखणार? कोर्टाने कागद खोटा म्हटला नाही, शाबीत झाला नाही एवढंच म्हटलं. पाटही शाबीत होईना, म्हणून घर आम्हा दोघा भावांचं ठरलं.

त्याच कोर्टात रुपचंदभाऊ म्हणाला, "ही बाई आमच्याकडे स्वयंपाकाला होती."

नोटीस मलाही आली होती. आबांचा कागद आहे, माझं काय काम, म्हणून मी आलो नाही. ही चूक माझी. आता भाऊ घर विकायला निघालाय. माझा अर्धा तिचा झाला की तिला विचारल्याशिवाय पूर्ण घर विकता येणार नाही.

२. आबांचं हातघड्याळ रुपचंदभाऊला. लहानपणी ताप आला की तो तिला 'माय' म्हणायचा, मी ऐकलंय. त्याला आठवावं.

३. माझे पाने आणि दोर विकून कोर्टाची फी भरावी.

४. हे सगळं मामेबहीण ज्योत्स्नाने पाहावं. ती चोपड्याला नर्स आहे, ओळी सोडून वाचत नाही. अक्का, मृत्यूचा दाखला आणि ह्या कागदाची मूळ प्रत कोर्टात ने, झेरॉक्स चालत नाही. भावाचा पत्ता खरा लिही, नोटीस त्याला जाणारच. पेपरात जाहिरात येईल, हरकतही येईल, तेव्हा साक्षीदार उभा कर. तारीख पुढे गेली तर तशीच परत येऊ नको, पुढची लिहून घेऊन ये.

५. साक्षीला पोरं घेतली म्हणून गावात हसतील. हसू द्या. दोघांना सही येते आणि दोघं इथेच राहणार आहेत.

६. ज्या वकिलांना विचारून हे लिहिलं ते म्हणाले, नातं लिहिलंच पाहिजे असं नाही, नाव पुरे. मी तिला आजवर नावानेच हाक मारली. पण सांगणारे सगळे मेले, म्हणून लिहून ठेवतो: भागाबाई उखर्डू सपकाळे, माझी आई.

सही: स्वप्नील उ. सपकाळे

स्वप्नीलने आम्हा दोघांसमोर, आम्ही बसलेलो असताना सही केली. आम्हाला ह्यातलं काही मिळणार नाही.
साकिब कादर पिंजारी, वय २३, असोदा (सही)
दिपमाला शालिग्राम कोळी, वय २५, असोदा (सही)

असोदा, ता. जि. जळगाव
११ जानेवारी २०२५