गुरुवारनंतरचं स्कॅन

पितेओ, रविवार, ५ ऑक्टोबर २००३

ती. डॅगनीआत्या,

सा. न. वि. वि. फोनवर तुला नीट ऐकू येत नाही आणि असल्या गोष्टी मला ओरडून सांगता येत नाहीत, म्हणून पत्र.

बाबांची तारीख आली, येत्या शुक्रवारी सकाळी. हे उपचार नव्हेत, उपचारांआधीचं स्कॅन आहे. प्रोस्टेटवर किरण नेमके कुठे सोडायचे ते त्यावरून ठरेल आणि मग नोव्हेंबरपासून रेडिएशन. डॉक्टरीणबाई म्हणाल्या की आत्ता केलं तर रोग पुरता जाण्याची चांगली शक्यता आहे. वर्षभराने हेच सांगता येईल असं नाही.

तयारी मात्र विचित्र आहे. आतडं रिकामं हवं आणि मूत्राशय भरलेलं, म्हणजे पोटातलं सगळं दर वेळी त्याच जागी राहतं. गॅस होईल असं काही आधीच्या दिवसांत खायचं नाही: कोबी, कांदा, घेवडा, वाटाणे. त्या सकाळी पाणी प्यायचं आणि धरून ठेवायचं. शेवटी कातडीवर तीन ठिपके गोंदतात, टाचणीच्या टोकाएवढे. रुग्णालयाची सूचना मी बाबांच्या फ्रिजवर लावली आणि त्यांना दोनदा वाचून दाखवली. दोन्ही वेळा त्यांनी ती सभ्यपणे ऐकून घेतली.

मला खटकतं ते वेगळंच. तुम्हाला हे करायचंय ना, असं विचारलं की ते ‘बघू’ म्हणतात. परवा म्हणाले, चौऱ्याहत्तर हे काही कमी नाही. हवामान सांगावं तसं म्हणाले. गाडी मी चालवणार, रजा मी काढली, डॉक्टरांना प्रश्नही मीच विचारले. तेव्हा हे सगळं त्यांना हवंय की फक्त मला, असं वहीत लिहिते, वाचते आणि खोडते.

तुझा लोभ आहे हे माहीत आहे. या आठवड्यात जरा जास्त पाठव.

तुझी
गुनेल


उप्साला, ८ ऑक्टोबर

चि. गुनेल,

अ. उ. आ. हे आशीर्वाद विचार करण्यात संपवू नकोस.

माझा गुडघा आहे तिथेच आहे. शिवणमंडळाने पुन्हा माझ्यावरच कॉफीचं काम टाकलं. मला ऐकू येत नाही म्हणून मी नको म्हटलेलं त्यांनाही ऐकू आलं नाही.

हेल्मर ‘बघू’ म्हणाला म्हणून घाबरून जाऊ नकोस. तुझ्या आईला मागणी घालण्याआधी दोन उन्हाळे तो बघूच म्हणत होता. शाळेची बस चालवशील का असं विचारलं तेव्हाही बघूच म्हणाला, आणि मग निवृत्त होईपर्यंत त्याच रस्त्यावर तीच बस चालवली. त्याचं ‘हो’ तोंडातून निघत नाही, मागाहून दिसतं.

तरी खरं सांगते, या वेळी मलाही इथून अंदाज येत नाही. तुझी आई गेल्यापासून त्याची पत्रं म्हणजे तापमान आणि लाकूडफाटा. धाकट्या भावाने माझ्याआधी नंबर लावलेला मला चालणार नाही. हे त्याला सांगू नकोस, त्याला वाटेल मी हळवी झाले.

पाणी तू त्याच्यासमोर बसून पाज. लोभ नेहमीचाच, वर तू मागितलास तेवढा जास्तीचा.

डॅगनीआत्या


पितेओ, शनिवार, ११ ऑक्टोबर

ती. आत्या,

सा. न. वि. वि. स्कॅन झालं नाही. कारण लिहायला लाज वाटते, पण तू विचारणारच.

गुरुवारी संध्याकाळी मी बाबांकडे मुक्कामाला गेले. त्यांनी सवयीने पिवळे वाटाणे भिजत घातले होते. मी ते डुकराच्या मांसाबरोबर शिजवले, कांदा घातला आणि मस्टर्डची बाटली काढायला फ्रिज उघडला, म्हणजे सूचना अगदी नाकासमोर. आम्ही दोघांनी दोन-दोन वाडगे सूप घेतलं, वर पॅनकेक. आत्या, गुरुवार होता. आम्ही चार दिवस कोबी टाळला, ब्रेडवरची काकडीसुद्धा टाळली, आणि गुरुवारचं सूप वाटाण्यांचं असतं हे दोघांपैकी एकाच्याही डोक्यात आलं नाही.

सकाळी ते पाणी प्यायले, दोन तासांच्या प्रवासानंतर स्कॅनच्या टेबलावर निवांत आडवेही झाले. स्कॅनवरची नर्स यान्निके, खालच्या वस्तीतली. लहानपणी बाबांच्या बसने शाळेत जायची. तिने ओळखलं, त्यांनीही ओळखलं, आणि कमरेवरचा टॉवेल बाबांनी जरा वर ओढला. पहिल्या चित्रात सगळा गॅसच दिसला. तिने त्यांना फेऱ्या मारायला लावल्या. बाबा भरल्या मूत्राशयाने गाऊनमध्ये कॉरिडॉर मोजत राहिले आणि मी त्यांचे बूट धरून बसले. पुन्हा चित्र, पुन्हा तेच. काल काय खाल्लं, असं तिने विचारलं तेव्हा बाबा म्हणाले, विशेष काही नाही, गुरुवारचं. यान्निके म्हणाली की तिनेही तेच खाल्लंय, पण तिला टेबलावर झोपायचं नव्हतं.

नवी तारीख कळवतो म्हणाले. घरी बूट काढताना बाबा एवढंच म्हणाले, “पोटाने कौल दिला. आता पुरे.”

मी कालपासून एकच गोष्ट उलटसुलट बघते आहे. मी खरंच विसरले, की हे लांबणीवर पडावं असं माझ्याच मनात कुठेतरी होतं? आणि आता मी त्यांना पटवायचं, की त्यांचं ऐकायचं? गप्प बसले तर त्यांचा मान राखला असं म्हणता येईल, पण जबाबदारी टाळली असंही म्हणता येईल. दोन्ही मला सारखंच खरं वाटतं.

रागावली असलीस तरी पत्र पाठव.

गुनेल


उप्साला, १४ ऑक्टोबर

चि. गुनेल,

अ. उ. आ. मी इतकी हसले की शेजारीण दार वाजवून गेली. मग हसू थांबलं.

विसरण्यात एवढं खोल काही शोधू नकोस. स्वीडनभर शाळेत, सैन्यात, कारखान्यात, म्हाताऱ्यांच्या या घरातसुद्धा गुरुवारी वाटाण्यांचं सूपच मिळतं. तू गुरुवार होता म्हणून सूप केलंस. संपलं.

त्याला पटवू नकोस आणि त्याच्यासमोर दुःखी चेहरा घेऊन बसूही नकोस, तेही पटवणंच असतं. मी त्याला वेगळं पत्र टाकलंय. काय लिहिलं ते तुला सांगणार नाही, नाहीतर तू ते वहीत उतरवशील. तू तुझ्या शाळेत जा, मुलांना शिकव. लोभ शाबूत आहे, काळजी नको.

डॅगनीआत्या


पितेओच्या उत्तरेला, २२ ऑक्टोबर

ती. ताईस,

हेल्मरचा नमस्कार. सकाळी उणे चार. लाकूड रचून झालं.

तुझं पत्र पोचलं. तू लिहिलंस की नको असेल तर नको म्हण, पण स्वतःच्या तोंडाने म्हण, पोटावर ढकलू नकोस. बोचलं. म्हणून दुसऱ्या दिवशी ‘नको’ म्हणून सांगायला रुग्णालयात फोन लावला. पलीकडून म्हणाले की मंगळवारी जागा रिकामी झाली आहे. मी बरं म्हटलं. का म्हटलं ते विचारू नकोस, मलाही ठाऊक नाही.

काल गेलो. गुनेल घेऊन गेली, वाटेत काही बोलली नाही. तिला ते फार जड गेलं असावं. आदल्या दिवसांत उकडलेला मासा आणि बटाटे खाल्ले. पाणी सांगितलं तेवढं प्यालो.

यान्निकेच होती. आधीच्या माणसाला वेळ लागला, त्यामुळे माझा नंबर उशिरा आला. मला टेबलावर घेतलं, पाय साच्यात बसवले, लेसरच्या लाल रेघा पोटावर पाडल्या. पोट रिकामं होतं, तिकडचं ठीक होतं. मूत्राशय मात्र इतकं भरलं होतं की डोळ्यांत पाणी आलं. मशीन पुन्हा जुळवावं लागणार होतं. यान्निके वाकून म्हणाली, “हेल्मर, मोकळं व्हायचं असेल तर आत्ता सांगा. मग आज होणार नाही, पण दुसरी तारीख देईन, त्यात काही वाईट नाही. की अजून थोडं धरवेल?”

घरी जायचा रस्ता तिने उघडून दिला होता. कोणी काही म्हणालं नसतं.

मी म्हटलं, “धरवेल. आरामात.”

धडधडीत खोटं होतं ते. पण धरलं. चित्रं नीट आली, तीन ठिपके गोंदले, दोन नोव्हेंबरनंतर रोज जायचं आहे.

परत येताना सबंध रस्ता एकच विचार होता. ज्याला इथे राहायचं नाही तो माणूस असलं खोटं बोलेल कशाला?

लोभ असू दे, पुढे लागणार आहे. आणि हा शेवटचा विचार गुनेलला मी आपण होऊनच सांगेन. आज संध्याकाळी ती येते आहे.

हेल्मर