सेवेत फक्त मामा

ती. मामांस,

साष्टांग नमस्कार. गुडघे कसे आहेत? मामीचा खोकला थांबला का? निवृत्तीनंतर तुमचं कार्ड परत मागायला ऑफिसनं मला पाठवलं, तेव्हा 'पुन्हा तोंड दाखवू नकोस' म्हणून तुम्ही दार लावून घेतलंत. फोनही उचलत नाही. म्हणून तोंड न दाखवता लिहितो आहे. घाईत लिहितोय, अक्षर चालवून घ्या.

मामा, आज माझी बोबडीच वळली. आपल्या ऑफिसची दारं आतूनही आणि बाहेरूनही कार्डानंच उघडतात, आणि कोणाचं कार्ड चालू ठेवायचं हे सर्व्हर रोज पहाटे तपासतो. रुजू असेल तर चालू, निवृत्त असेल तर बंद. हे काम मीच लिहिलंय. (तुमचं कार्ड त्यानंच बंद केलं होतं, पण राग भाच्यावर निघाला.) पहाटे नेमका सर्व्हर बंद असला तर काम बुडेल, म्हणून मी जास्तीचा शहाणपणा केला आणि सर्व्हर उठल्या उठल्याही तेच काम लावून दिलं. उठणाऱ्याला आधी डोळे तरी चोळू द्यावेत, हे काही सुचलं नाही. दुपारी वीज गेली, परत आली, सर्व्हर उठला. त्याच्या घड्याळाची बारकी बॅटरी संपलेली. बाहेरून खरी वेळ विचारून घेण्याआधीच त्यानं काम उरकून टाकलं, आणि त्याच्या लेखी साल होतं ऑफिस नुकतंच सुरू झाल्याचं. म्हणजे आम्ही कोणी अजून नोकरीला लागलेलोच नाही! आम्हा सगळ्यांची कार्डं बंद. चौकशीच्या टेबलावरच्या पडद्यावर माझं वय शून्याच्याही खाली दिसत होतं.

जिन्याचं दार बंद, सर्व्हरच्या खोलीचंही बंद. घड्याळ आता सुधारलंय, पण तपासणी पुन्हा होणार ती उद्या पहाटेच. माझ्या टेबलावरून दुरुस्त करावं, तर मला सर्व्हर आत घेत नाही, कारण मी रुजू नाही. साहेबांनी कार्ड दारावर घासून घासून स्वतःचा फोटो पुसून टाकला. सुतार बाहेरून दार ठोकून बघून म्हणाला, लोखंडी आहे, माझं काम नाही, आणि चालू लागला. हिशेब खात्यातल्या बाईंचं तान्हं बाळ घरी आहे. त्या दाराला चिकटून उभ्या आहेत.

पडद्यावर 'सध्या सेवेत' म्हणून एकच नाव उरलंय. तुमचं. ऑफिस सुरू झालं त्याच वर्षी लागलेल्या तुमच्या बरोबरीच्यांनी कार्डं परत दिली, त्यांची नावं कधीच खोडली गेली. साहेब ते नाव वाचून हळूच म्हणाले, "यांना निरोप द्यायचाच राहिला आपला."

मामीला नमस्कार, छोटीला गोड पापा.

तुमचा,
अजून जन्माला यायचा असलेला भाचा

ता. क. हे पत्र स्टेपलरला बांधून खिडकीतून पहारेकऱ्याकडे टाकतो आहे. त्याच्याबरोबर लगेच या. कपाटात ठेवलेलं ते कार्ड आणा. पुन्हा कोणी मागणार नाही.

ता. क. २ साहेब तुमच्या निरोपाचं भाषण लिहायला बसलेत. बाईंना आधी बाहेर सोडा, मग ऐका. आत आल्यावर सवयीनं दार लावून घेऊ नका.

ता. क. ३ रागानं येणार नसलात तर एवढं लक्षात घ्या. उद्या पहाटेपर्यंत या ऑफिसात तुम्ही एकटेच नोकरीला आहात. तुमची रजा मंजूर करायला इथे कोणी नाही.