मामाची चाकं

कळंब,
१० मार्च २००२

ती. आरतीअक्कास,
भरतचा शि. सा. न. वि. वि.

इकडं सगळे बरे आहेत. कांदा काढणी चालू आहे म्हणून पत्राला उशीर झाला, रागावू नकोस. दाजींचं टायरचं दुकान जोरात असेल.

शिनोलीच्या आपल्या शीलाताईनं धाकट्याचं, मोहितचं, लग्न ठरवलं हे तुला कळलंच असेल. मुलगी तळेघरची आहे, लग्न पाच मेला. तेव्हापासून माझं डोकं फिरलंय. थोरल्याच्या लग्नात मांडवडहाळ्यांच्या दिवशी ताईच्या दिरानं, त्या भगवंतानं, काय केलं ते मी मेलो तरी विसरणार न्हाई. आंब्याजांभळाचे डहाळे माझ्या गाडीत कोंबायला लावले आणि वर सगळ्यांना सांगितलं, मामाची गाडी डहाळ्यांपुरती, नवरदेव माझ्याच गाडीत शोभतो. अख्खा मांडव हसला. आपल्यात नवरदेव न्यायचा मान मामाचा, का चुलत्याचा? आणि गाड्या तरी काय, दोघांच्या झेनच. त्याच्या गाडीला चमकणारी अलॉय चाकं, एवढाच फरक.

तर अक्का, अलॉय मी पण आणली. जुन्या बाजारात मिळाली, एकाला ओरखडा आहे, पण लई देखणी. आता टायर पाहिजेत. त्याच्यापेक्षा रुंद पाहिजेत आणि घाटात पकडणारे पाहिजेत, पण माझा खिसा तुला ठाऊक आहे. दाजींना विचारून कळव. या खेपेला त्याचं नाक खाली केल्याशिवाय मी गप्प बसणार न्हाई.

दाजींना नमस्कार, शौर्यला पापा. माया आहे तशीच ठेव.
तुझा भरत


भोसरी,
१९ मार्च २००२

चि. भरतास,
अक्काचे अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझं पत्र ह्यांना वाचून दाखवलं. लहानपणी विटीदांडूत हरलास की तू असाच फुरंगटायचास. पण खरं सांगते, मला हसू आलं नाही. त्या लग्नात भगवंतरावांनी मलाही टेम्पोत भांड्यांच्या पोत्यांवर बसवलं होतं, नव्या शालूत. तेव्हा तुझ्या सुडात माझाही वाटा धर.

आता हे काय म्हणतात ते नीट ऐक. रुंदीचा हट्ट सोड. फार रुंद टायर घातलास तर मागं दोन पावणे बसले की तो मडगार्डला घासेल. तुझ्या तेरा इंची चाकाला एकशेपासष्ट रुंदीचा बरोबर बसतो. मऊ रबराचा आणि खोल खाचांचा बघायचा, वळणावर तोच धरतो. इंपोर्टेड म्हणून कुणी स्वस्तात देईल, तो बहुधा वापरून टाकलेला किंवा वर्षानुवर्षं पडून कडक झालेला माल असतो, हात लावू नकोस. ह्यांच्याकडे आपल्याच देशातल्या कंपनीचा एक चांगला टायर आहे. त्याची खाचांची नक्षी आता बंद झाली म्हणून कमी भावात सुटतो, पण माल यंदाचा आहे. चार बाजूला काढून ठेवलेत. बाजूवर बाण आहे, तो पुढच्या दिशेला ठेवूनच बसव. मंचरच्या पंक्चरवाल्यावर सोडू नकोस, समोर उभा राहा.

घाटात शर्यत मात्र लावायची नाही. तुझं काही बरंवाईट झालं तर असला मान घेऊन मी काय करू? दुसरी काहीतरी युक्ती शोध.

तुझी वाट बघणारी,
आरतीअक्का


कळंब,
८ मे २००२

ती. अक्कास शि. सा. न. वि. वि.

शौर्यच्या कांजिण्या उतरल्या का? त्याच्यामुळं तुझं येणं राहिलं आणि तू जे बघायला पाहिजे होतंस, तेच हुकलं.

लग्नाच्या सकाळी शिनोलीला पोहोचलो तर मोहित बाशिंग बांधून भगवंताच्या गाडीत बसवलेला. मी तोंड उघडणार, तेवढ्यात ताईचे सासरे गेणभाऊ म्हणाले, एकदा बसलेला नवरदेव मुलीच्या वेशीपर्यंत खाली उतरवायचा न्हाई. ताईनं डोळ्यांनीच विनवलं. गिळलं सगळं.

मग गाडी अंगणातून निघाली आणि जरा उताराला लागताच सरकत जाऊन उंबराला टेकली. खाली वाकून बघतो तर काय! भगवंतानं जानकूला चाकं चमकव म्हणून सांगितलेलं. जानकू त्यांचा जुना गडी, त्यानं बैलांची शिंगं चोपडली त्याच हातानं चारी टायरही जळक्या तेलानं चोपडले. नुसत्या बाजू न्हाई, रस्त्याला लागतो तो भाग पण. साबणानं धुतलं, पण रबर तेल पिऊन बसलेलं. भगवंत म्हणे, चार किलोमीटर गेलं की सुटेल. चार किलोमीटरनं घाट लागतो, अक्का! क्षणभर मनात आलं, जाऊ दे, होऊ दे त्याची फजिती. पण आत मोहित बसलेला. अंगाखांद्यावर खेळवलेलं पोर.

दोन्ही गाड्या झेन, नट सारखेच. नवरदेव आत बसलेला असताना जॅक लावला आणि माझी चारही चाकं त्याच्या गाडीला चढवली. त्याची तेलकट मी घेतली आणि बैलगाडीच्या चालीनं घाट चढलो. पोहोचलो तोवर अक्षता पडून गेल्या होत्या. भाच्याच्या मागं उभं राहायचं ते पण राहिलं. आणि जेवणाच्या वेळी मांडवाबाहेर भगवंत टायरवर हात ठेवून सांगत होता, कशी धरून आली बघा माझी गाडी.

तिथं माझी तार सटकली. पंगत बसलेली असतानाच जॅक काढला. माझी चाकं माझ्या गाडीला लावली, त्याची गाडी तळेघरच्या मांडवासमोर चार दगडांवर ठेवली आणि त्याची चाकं शेजारी मांडून दिली. भगवंत ओरडायला लागला. मी फक्त म्हणालो, "मामाची चाकं मामा घेऊन चालला." या खेपेला मांडव त्याला हसला. मोहित नवरीला घेऊन माझ्या गाडीत येऊन बसला. गेणभाऊ पण मागं बसले.

ताई रुसलीय. तिची समजूत तूच काढ. दाजींना सांग, वळणावर गाडी तसूभर हलली न्हाई. मला पोटाशी धरणारी तूच आहेस.
तुझा भरत


भोसरी,
२० मे २००२

चि. भरतास अक्काचे आशीर्वाद.

शौर्य बरा आहे. शीलाचा फोन आला होता, खूप रडली. मी ऐकून घेतलं. रडून झाल्यावर तिनं हळूच विचारलं, भरतनं भगवंत भावजींचा चेहरा नीट बघितला ना?

काल भगवंतराव स्वतः दुकानात आले. भरतला दिले तसले चार टायर द्या म्हणाले. हे काढायलाच निघाले, मी थांबवलं. खुर्ची दिली, चहा दिला आणि विचारलं की नवरदेव घाट कुणाच्या चाकांवर चढला ते तेवढं सांगा, त्याशिवाय हे टायर बाहेर जात नाहीत. त्यांनी चहा संपवला. दुसरा चहा दिला. मग कपाकडे बघत म्हणाले, मोहितच्या मामाच्या.

मी पदराला हात पुसले आणि म्हटलं, मशीनचा आवाज आहे हो, नीट ऐकू नाही आलं. त्यांनी परत सांगितलं. भरत, मोठ्यानं!

तुझी,
आरतीअक्का