डाव्या बाजूची कटोरी

२ जुलै
वर्षावास लागायच्या आधी सगळ्यांना विहारात घालायले पांढरे ब्लाऊज पाहिजे. आज पाच कापले. आपल्या मोहल्ल्यात कोणत्या बाईची छाती किती, हे सौंदडमध्ये माझ्याइतकं कोणाले माहीत नाही. मायाबाई मापाले उभी होती. डाव्या कटोरीचं माप घेताना माझा टेप थांबला. "काय झालं व?" म्हणली. काही नाही, म्हटलं. माझी डावी नागपूरले कापली त्याले वर्ष होईल आता. कॅन्सर गेला म्हणतात. जीव वाचला, नशीब समज म्हणतात. समजते ना. रोज आंघोळीच्या वेळी समजते.

१० जुलै
पौर्णिमा. विहारात गेली नाही. सगळ्या बाया पांढऱ्यात, ब्लाऊज मी शिवलेले. रंगीत साडीत पदर ओढून भागते, पांढऱ्यात सगळं दिसते. म. जाऊन आला (नवऱ्याचं नाव तोंडानं घेत नाही, इथंही अर्धंच). म्हणला, "तिथं कोण पाहते तुले?"
सगळ्याच पाहतात. मीही पाहिलं असतं.

१७ जुलै
ब्लाऊजात डावीकडं ठेवायची कापसाची गादी हलकी पडते, वर चढून गळ्याजवळ येते. म्हणून जाड कापडाची पिशवी शिवून तांदूळ भरला होता. वजन बरोबर आलं होतं, चालताना खांदाही सरळ. आज मशीनवर बसली तर छातीवर काहीतरी चालून राहिलं. उघडून पाहते तर सोंडे. घाम आणि ही ओल, किडा लागलाच. पिंकी आधी हसली, मंग रडाले लागली. बारावीत आहे, पण लेकरूच. तांदूळ कोंबड्यांपुढं टाकला. स्वतःचीच किळस येऊन राहिली.
रात्री पिंकी मोबाईल घेऊन आली. "मम्मी, नवीन बनवता येते. आपल्याच अंगाचं मांस घेऊन." वर्षभरात हे कोणीच नाही सांगितलं.

२९ जुलै
नागपूर. साकोलीवरून बस, पिंकी सोबत. म. धानाच्या रोवणीत. तसाही आला नसता.
काउंटरवरची पोरगी: योजनेत हे बसत नाही. डॉक्टर: बसते, पण करणारे सर्जन आमच्याकडून सोडून गेले, दुसरीकडं विचारा. दुसरीकडं: जिथं काढलं तिथून चिठ्ठी आणा. परत पहिल्याकडं गेलो तर ओपीडी बंद. तिथली सिस्टर म्हणते, "दीदी, अब इस उमर में किसको दिखाना है?" बेचाळीसची आहे मी. तिले चांगलं सुनवायचं होतं, पण कागद पिशवीत कोंबून बाहेर आली. परत येताना पिंकीशी बोलली नाही. तिची काय चूक.

१२ ऑगस्ट
पुन्हा गेली, एकटी. चिठ्ठी भेटली. दुसऱ्या दवाखान्यातला डॉक्टर तरुण पोरगा आहे, बसा म्हणला, नीट बोलला. रेडिएशननं कातडी कडक झाली, आता अवघड आहे, पाठीचं मांस घ्यावं लागेल. खात्री नाही देत. नाव लिहून घेतलं, नंबर लागला की फोन करतील. मंग म्हणला, "काढलं त्याच वेळी का नाही करून घेतलं? तेव्हा सोपं होतं."
म्हटलं, मले कोणी विचारलंच नाही.
"असं कसं, विचारतात," म्हणला.
बसमध्ये तेच डोक्यात.

१३ ऑगस्ट
म. जेवत होता. विचारलं.
"विचारलं होतं ना. तुले आत नेलं होतं कपडे बदलवाले. मॅडम बाहेर आली, म्हणली लगेच बनवून द्यायची काय, डॉक्टर आहेत आज. मी म्हणलो कायले? जीव वाचवा फक्त."
"मले काऊन नाही विचारलं?"
"तू आत होती."
"मंग सांगितलं काऊन नाही?"
"मले वाटलं हौसेचं काम हाय."
एका दाराच्या पलीकडं होती मी. शुद्धीत होती. वाईट माणूस असता तर शिव्या तरी दिल्या असत्या. केमोच्या दिवसांत माझी ओकारी यानंच काढली. गळा मोठा ठेवू का लहान, हे मी बाईले विचारून कापते. तिच्या नवऱ्याले नाही विचारत.
त्याच्याशी बोलणं बंद.

३० ऑगस्ट
चार दिवस मशीनले हात लावला नाही. मायाबाई ब्लाऊज न्यायले आली, झाला नव्हता. "असं काऊन करते व? जगली ना, अजून काय पाहिजे?"
मले छाती पाहिजे. लिहिताना लाज वाटली म्हणून परत लिहिते. मले माझी छाती पाहिजे. होणार नाही, हेही माहीत आहे. पाठ कापतील, तीही खराब होईल, आणि डाव्या बाजूले एक गोळा राहील ज्याले काही कळणार नाही. तरी पाहिजे. डोकं फिरलं माझं.

२१ सप्टेंबर
फोन नाही. पिंकीनं लावला, उचलत नाहीत. अशानं किती बाया वाट पाहता पाहता म्हाताऱ्या होत असतील.

११ ऑक्टोबर
फोन आला. म.च्या मोबाईलवर, दवाखान्यात नंबर त्याचाच दिला आहे. मी बाहेर भांडे घासून राहिली होती. आत आली तर म्हणला, "नागपूरचा होता. नंबर लागला तुझा. पुढच्या महिन्यात. सोमवारपर्यंत हो का नाही सांगा म्हणते. महिनाभर मशीन नाही, कापणीत येणं नाही. आणि ऑपरेशन नाही जमलं तर अर्ध्यात सोडून द्यावं लागते, असंही म्हणली."
किती दिवसांनी मीच तोंड उघडलं. "तुम्ही काय म्हणलं?"
"म्हणलो, घरी विचारून सांगतो."
हात धुतले, जेवाले बसला. भात दोनदा घेतला. मी समोरच होती, पाट सोडून उठली नाही. जेवण झालं, पाणी पिला, विळ्याले धार लावाले अंगणात गेला.
आज शनिवार. अजून मले विचारलं नाही.