टोपलीवाल्या बाईच्या चेहऱ्यावरचा शिक्का

खडकी, नोव्हेंबर २००९

प्रिय समाधान,

हिंजवडी आणि खडकी एकाच शहरात आहेत असं म्हणतात. तरी तू दोन रविवार आला नाहीस, आणि फोनवर आपलं बोलणं 'आई, मीटिंगमध्ये आहे' याच्या पुढे सरकत नाही. म्हणून कागदावर लिहिते आहे.

तुमच्या कंपनीने त्या कलासंस्थेचा जुना चित्रसंग्रह इंटरनेटवर आणला, संशोधकांना आणि शिक्षकांना खुला केला, म्हणून शाळेत पेढे मीच वाटले. ते आता परत मागावेसे वाटतात. मी चित्रकलेची शिक्षिका आहे हे तुमच्या संगणकाला पटवण्यात आठवडा गेला. त्याच्या यादीत परदेशातली विद्यापीठं आहेत, खडकीची शाळा नाही. शेवटी 'इतर'मध्ये बसले. चित्र उघडलं तर पोस्टाच्या तिकिटाएवढं. मोठं केलं तर तोंडावरून आडवा संस्थेचा शिक्का. मुलांना चेहरा काढायला शिकवायचा आणि चेहराच दिसत नाही. खाली सूचना, मूळ चित्रासाठी कार्यालयात यावे. गेले, दोन बस बदलून. तिथले गृहस्थ मान वर न करता म्हणाले, अहो बाई, आता सगळं ऑनलाइन आहे, घरी बसून बघा की.

हे सगळं मी गिळलं असतं. पण चित्रकलेच्या वर्गात मॉडेल मधोमध बसतं आणि विद्यार्थी भोवती गोल करून, ज्याला जी बाजू दिसते ती काढतात, एवढं तरी तुम्ही कुणाला विचारायचंत. एकाच दिवशी काढलेल्या एकाच बाईची तुम्ही 'भाजीवाली', 'मजूर स्त्री' आणि 'ग्रामीण वृद्धा' केलीत. सगळीकडे तीच टोपली, तीच फाटलेली कानाची पाळी. वृद्धा म्हणे. तेव्हा ती तिशीचीही नव्हती. आणि प्रत्येक चित्राखाली लिहिलंय, 'मॉडेल: अज्ञात'.

मला कसं ठाऊक, असं विचारशील. मी तिथेच होते. शाळेतही जात नव्हते तेव्हा. विद्यार्थ्यांच्या हातून पडलेले कोळशाचे तुकडे वेचत बसायचे. तिला हलायची मनाई, म्हणून मी दंगा केला तर ती नुसती डोळ्यांनी दटावायची. टोपली धरून तिची मान अवघडून जायची. घरी येताना ती माझ्या खांद्यावर हात ठेवून चालायची. त्याच कोळशाने मी फरशीवर पहिली रेघ ओढली, आणि पुढे चित्रकला शिकवण्यावरच आपलं घर चाललं.

समाधान, ती माझी आई. तुझी आजी. लहानपणी तू सारखा विचारायचास, आजी कशी दिसायची. तिचा एकही फोटो नाही, आणि मी चित्रकलेची बाई असून आठवणीतून तिचा चेहरा मला कधी काढता आला नाही. आता ती चारी बाजूंनी सापडली आहे आणि तिच्या तोंडावर तुमचा शिक्का आहे. तो काढ. नियम काय असतील ते तुझ्या साहेबांना विचार, मला सांगू नकोस. 'अज्ञात' खोडून तिथे लिही, चंद्रभागा सीताराम ओव्हाळ, खडकी. आणि या रविवारी लॅपटॉप घेऊन ये. मला तिला एकदा समोरून बघायचं आहे.

तुझीच, 'इतर'मध्ये बसलेली,
आई