दिगंबर माझे आहेत

प्रिय वंदू,

अनेक आशीर्वाद. या पत्रातल्या ओळी भरल्या बैलगाडीसारख्या एका अंगाला कलतील, तेवढं सांभाळून घे. एरवी मी सांगते आणि तुझे आजोबा लिहितात, पण ते माझं गाळतात आणि स्वतःचं घालतात. म्हणून या खेपेला दाराला कडी लावून मीच बसलेय. माझी शाळा बाराखडीच्या मध्यावरच सुटली, तरी नातीपुरतं लिहिता येतं. फोन का नाही केला म्हणशील, तर फोनवर तू गोळी घेतलीस का, पाणी पितेस का, यातच सगळा वेळ घालवतेस. माझं आपलं राहूनच जातं.

अरविंद, तुझा बाप, सांगत होता की तू ते डॉक्टर-नर्सांच्या चुका शोधायचं काम या महिन्याअखेर सोडतेयस. तुमच्या इंदूरच्या दवाखान्यातले मोठे डॉक्टर सगळ्यांसमोर म्हणाले म्हणे, "मॅडम, रोग शोधा, आमच्या चुका काय शोधता?" आणि तू खोलीवर येऊन जेवलीसुद्धा नाहीस. यावर मी काही बोलणार नाही. मला काय कळतं? आजोबा मात्र ऐकून खूश झाले. इथं सिंधीपुऱ्यात त्यांनी तुझ्या दवाखान्यासाठी गाळा पाहून ठेवलाय, पाटी कुठं लावायची तेही ठरलंय. गल्लीतले लोक विचारून विचारून त्यांचा जीव खातात ना! तुमची नात एवढी एमडी झाली, पण सुई टोचत नाही, गोळी देत नाही, मग करते तरी काय? हे सांगतात, संशोधन. लोकांना वाटतं, पोरगी नापास झाली अन् म्हातारा झाकतोय.

मलाही दिवाळीपर्यंत धड कळलं नव्हतं. दिवाळीत तू आलीस आणि फराळाच्या ताटापाशी उभी राहून प्रत्येकाला नाव विचारायला लागलीस. नाव सांगितल्याशिवाय करंजी नाही! म्हणालीस, "तुम्ही अमुकच ना?" असं विचारलं की आजारी माणूस नुसता हो म्हणतो, म्हणून नाव त्याच्याच तोंडून काढायचं. आजोबा कसे तणतणले, आठवतं? "मी या घराचा मालक, दिगंबर महाजन, आता टाक करंजी!" आणि मला तू पूर्ण नाव विचारलंस, तर मी म्हटलं, मनकर्णा, पुढचं तुझ्या आजोबांना विचार. लग्न झाल्यापासून नवऱ्याचं नाव तोंडात आलं नाही, ते काय करंजीसाठी आणू? तुझी काकू पदरात तोंड खुपसून हसत होती. मीही हसले. पोरीला अभ्यासानं वेड लागलं, असंच वाटलं मला.

आता रागावू नकोस. मी उजव्या डोळ्याचा मोतीबिंदू काढून घेतला. तुला कळवलं असतं तर तू पहिल्या गाडीनं आली असतीस आणि डॉक्टरांना इतके प्रश्न विचारले असतेस, की ते डोळा तसाच टाकून नदीपलीकडं जैनाबादला पळाले असते.

तर ऐक. इथल्या डोळ्यांच्या दवाखान्यात आम्हा बायांना हिरवे झगे घालून बाकावर ओळीनं बसवलं होतं. माझ्या शेजारी खकनारकडची रंभाबाई, अगदी गरीब गाय. तिचा डावा डोळा करायचा होता, उजवा चांगला होता. आमचं केळी-कापसाचं बोलणं रंगात आलं, तेवढ्यात मला सांगितलं, अम्मा, पाटल्या काढा. त्या पाटल्या निघतात कुठल्या! मी आपली पडद्यामागं नळाखाली साबण लावून हात चोळत बसले. इकडं नवी नर्स आली. पोरगी भोपाळकडची, गोड बोलते बिचारी. पडद्यापलीकडून तिचा आवाज आला, "मनकर्णाबाई?" मी साबणाच्या हातानं उठेपर्यंत रंभाबाई म्हणाली, "हाव." मग नर्स म्हणते, "अम्मा, पति का नाम दिगंबर है ना?"

मी पडद्याच्या फटीतून बघते, तर वंदू, रंभाबाईनं काय करावं? लाजली! आपल्या बाया नवऱ्याचं नाव निघालं की लाजतात, तशी पदर शोधत शोधत हसली. झग्याला पदर कुठला! त्या पोरीला वाटलं, लाजली म्हणजे हाच नवरा. धरला तिचा हात आणि चालली माझा कागद घेऊन आत. कागदावर उजवा डोळा, भिंगाचा नंबरही माझा.

आता तुझ्यापाशी खरं बोलते. मला तेव्हा चूक-बीक काही सुचली नाही. माझ्या नवऱ्याच्या नावानं दुसरी बाई लाजतेय, एवढंच कळलं आणि अंगाची आग झाली. फेसाळ हात तसेच घेऊन धावले, दार अडवून उभी राहिले आणि ओरडले, "दिगंबर माझे आहेत! हिचे नाहीत! मनकर्णा दिगंबर महाजन मी आहे!" बाहेरच्या बाकावरून आजोबा "काय झालं, काय झालं" करत आत आले, त्यांना चपलांसकट बाहेर काढलं. मग रंभाबाईच्या चांगल्या उजव्या डोळ्याकडं माझं लक्ष गेलं, तेव्हा कळलं, चाकू त्याच्यावरच चालणार होता.

रंभाबाईला विचारलं, तू हो का म्हणालीस? तर म्हणते, "एवढ्या मायेनं विचारत होती माय, नाही कसं म्हणू?" तिला नवऱ्याचं नाव विचारलं, तर गेटवरच्या माणसाचं जे नाव तेच, म्हणून बोट दाखवलं. गेटवरचा सुकलाल. नर्सनं घाईत लिहून टाकलं, पती गेटवर आहेत!

डॉक्टर म्हणाले, टेबलावर आमच्या लक्षात आलंच असतं. असेल बाई. पण त्यांचा चेहरा साबणापेक्षा पांढरा पडला होता. ती नर्स कोपऱ्यात रडत होती. मी तिला जवळ घेतलं. म्हटलं, पोरी, तू वाईट नाहीस, तुझा प्रश्न वाईट आहे, माझी नात सांगते. डॉक्टरांनी विचारलं, कोण नात? मग मी तुझं असं काही वर्णन केलं की आजोबा दाराआडून खोकायला लागले.

परवा रंभाबाई केळीचा घड घेऊन आली. दोन्ही डोळ्यांनी मला बघून म्हणाली, तुम्ही त्या दिवशी दारात ओरडताना उंच वाटला होता. दवाखान्यातल्या त्या दिवसापासून आजोबा गाळ्याचा विषय काढत नाहीत. सकाळी चहा ठेवला की आपले विचारतात, "त्या दिवशी तू काय ओरडली होतीस गं?" मी नाही सांगत. एकदा झालं ते झालं.

आता पत्र का लिहिलं ते सांगते. संक्रांतीनंतर माझा डावा डोळा करायचाय. डॉक्टर म्हणाले, आजी, त्याआधी तुमच्या नातीला आमच्या माणसांना शिकवायला येता येईल का? रंभाबाईला 'हो का म्हणालीस' विचारलं मी, आणि वंदू, मीही तिच्यासारखीच पटकन हो म्हणून बसले. तुला न विचारता. आता तू ते काम सोडलंस तर मी कोणत्या तोंडानं जाऊ? तुमच्या मोठ्या डॉक्टरांना सांग, बुऱ्हाणपूरची एक म्हातारी एक डोळा उघडून बसलीय. तू येऊन शिकवेपर्यंत दुसरा ती कुणाच्या हाती देणार नाही. हे पत्र त्या नव्या डोळ्यानंच लिहिलंय. ओळी तरी कलल्याच, तो दोष शाळेचा.

तुझीच आजी,
मनकर्णा दिगंबर महाजन
(कुणी न विचारता, माझ्या हातानं.)
डोळा डावा.